१२० तासांचा हिशेब

दिवाळी संपली की तुमच्या ऑफिसच्या इनबॉक्समध्ये एक मेल येऊन पडते. सब्जेक्ट लाइनमध्ये ‘गिव्ह बॅक’ वगैरे काहीतरी आणि पुढे दोन उद्गारचिन्हं. शनिवारी सकाळी साडेसातला बस निघणार, सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, नाश्त्याला पोहे. मग एका झेडपीच्या शाळेची भिंत रंगवायची, दुपारी ग्रुप फोटो काढायचा आणि संध्याकाळी सातच्या आत पुन्हा पुण्यात. एकदम सुटसुटीत! २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले किमान २ टक्के समाजासाठी खर्च करायला लावले, तेव्हापासून ‘सीएसआर’ हा शब्द कॅन्टीनच्या टेबलापर्यंत पोचलाय.

अशा बसमधून मी दोनदा गेलेय, स्टोरी करायला. या प्रकाराची टवाळी करावी असं मला अजिबात वाटत नाही. भिंत खरंच रंगते, मुलं खरंच हसतात, आणि सोमवारी डेस्कवर बसताना आपल्यालाही जरा बरं वाटतं. फक्त एक प्रश्न त्या बसमध्ये कुणी विचारत नाही. तो मला विचारला बी.ए.च्या सेकंड इयरला असलेल्या एका मुलीनं. ती माझी मावसबहीण. राहते ईटला.

ईट म्हणजे माझं आजोळ. जिल्हा धाराशिव (२०२३ पर्यंतचा उस्मानाबाद), तालुका भूम. पुण्याहून निघायचं, जामखेड गाठायचं, मग खर्डा. १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांची लढाई झाली तेच हे खर्डा. तिथून पुढे बालाघाटाच्या माळावरून ईट. हा सगळा पट्टा दुधाचा आणि खव्याचा. कुंथलगिरीचा पेढा तुम्ही खाल्ला नसेल, तर तुमच्या आयुष्यात अजून थोडं सुख शिल्लक आहे एवढंच सांगते.

पण हा झाला तालुक्याचा गोड चेहरा. दुसरा चेहरा दसऱ्यानंतर दिसायला लागतो. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात एखाद्या कारखान्याच्या हद्दीत जाऊन कोपी टाकायची आणि मार्चपर्यंत ऊस तोडायचा. मागे उरतात म्हातारी माणसं, कुलपं आणि थोडी लेकरं.

आता आमच्या हिरॉइनकडे येऊ. बहीणबाई एनएसएसमध्ये आहेत. राष्ट्रीय सेवा योजना! आपल्यापैकी निम्म्यांनी कॉलेजात असताना वाढीव मार्कांसाठी आणि उरलेल्यांनी शिबिरातल्या कॅम्पफायरसाठी जॉइन केलेली. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात ती सुरू झाली, तेव्हा ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी होते. बॅजवर कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० आणि एक सात दिवसांचं विशेष शिबिर, असा साधारण हिशेब.

गंमत म्हणजे हे १२० तास कसे वापरायचे, याचाही विचार योजनेच्या मॅन्युअलमध्ये आहे. त्यातले २० तास शिकण्यासाठी, ३० कॉलेजच्या आवारातल्या कामासाठी आणि ७० प्रत्यक्ष लोकांमध्ये. म्हणजे फावडं हातात घ्यायच्या आधी थोडं शिका, गाव बघा, असं योजना स्वतःच म्हणते. पण बहुतेक ठिकाणी हे शिकण्याचे तास पाहुण्यांच्या भाषणात संपतात, हे तुम्हालाही आठवत असेल.

२०२४ च्या डिसेंबरात तिचं शिबिर ईटजवळच्या एका वाडीत झालं. शेड्यूल ठरलेलं. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, चार वाजता घरोघर सर्व्हे, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. तिच्या गटाकडे सर्व्हे आला. छापील फॉर्म होता. कुटुंबात माणसं किती, शिकलेली किती, शौचालय आहे का, गॅस आहे का. पहिल्या दिवशी त्यांनी एकवीस घरं केली. त्यातल्या नऊ घरांना कुलूप. फॉर्मवर कुलपासाठी रकानाच नव्हता, म्हणून गटातल्या मुलांनी त्या घरांवर सरळ काट मारली आणि पुढे गेली.

दहाव्या घरी एक आजी उन्हाला बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “काय लिहायलाव गं पोरींनो?”

“सर्व्हे करतोय आजी. गावाची माहिती.”

“मग ती कुलपं काऊन सोडलाव? गाव तर त्येच हाय की. ते समदं कारखान्याला गेलंय.”

माझी बहीण मला म्हणाली, “ताई, मला एकदम कानाखाली बसल्यासारखं झालं. आम्ही जे खोडत होतो, तेच तर गावाचं उत्तर होतं!”

त्या रात्री बाकीची मंडळी नाटकाची प्रॅक्टिस करत होती, तेव्हा तिनं तिची समाजशास्त्राची वही काढली. ही वही मी बघितलीय. डाव्या पानावर वर्गात उतरवलेल्या नोट्स, छान गोल अक्षरात, मुद्द्यांखाली लाल रेघ. उजवं पान तिनं शिबिरासाठी वापरायला घेतलं. डावीकडे चॅप्टर आहे स्थलांतराचा. एव्हरेट ली नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९६६ मध्ये मांडलेली थिअरी. माणूस गाव का सोडतो? काही गोष्टी त्याला गावातून ढकलतात, काही दुसरीकडे ओढतात. ढकलणारे घटक : कमी जमीन, पाऊस नाही, काम नाही. ओढणारे घटक : मजुरी, सोयी, शिक्षण. परीक्षेत पाच मार्कांना हमखास येणारा प्रश्न.

आणि उजव्या पानावर तिनं लिहिलं होतं : ‘उचल कुठे टाकायची? ती ढकलते की ओढते?’

मी ते वाचून क्षणभर थांबलेच. मास कॉमची डिग्री घेऊन इतकी वर्षं लोकांना प्रश्न विचारतेय, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. कारण उचल हातात पडते तेव्हा ती ओढतेच. पोरीचं लग्न, दवाखाना, घराचे पत्रे, सगळं त्यात होतं. पण फिटली नाही की तीच पुढच्या वर्षी मागून ढकलते. तिनं सरांना विचारलं. सर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “पुढच्या बॅचला हा प्रश्न मी वर्गात विचारणार.” असे सर सगळ्यांना मिळोत!

तिथून पुढे तिचं वाचनच बदललं. तोपर्यंत वाचन म्हणजे दोनच गोष्टी, परीक्षेच्या नोट्स आणि एमपीएससीची जाडजूड गाइडं. ईटमधल्या घरोघरी हेच आहे आणि त्यात चूक काही नाही. ज्या जिल्ह्याचं नाव २०१८ मध्ये देशातल्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत गेलं (मागास म्हणायचा नवा, पॉलिश्ड शब्द), तिथल्या मुलांना सरकारी नोकरी हीच पक्की वाट वाटणार. पण शिबिरानंतर तिनं भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही गोष्ट पुन्हा काढली. भाव नाही म्हणून बाजारात टोमॅटो तुडवणाऱ्या बापाची गोष्ट. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ती मराठीच्या पुस्तकात होती. ‘मध्यवर्ती कल्पना लिहा’ म्हणून आपण ती घोकलीय. चंदनशिव याच जिल्ह्यातले, शेजारच्या कळंब तालुक्यातले. हे तिला शाळेत असताना लक्षातच आलं नव्हतं. “पुस्तकातला माणूस इथला असतो असं वाटायचंच नाही गं,” ती म्हणाली. “पुस्तकातले लोक म्हणजे कुठलेतरी लांबचे.”

एका गोष्टीनं माणूस बदलत नाही, मान्य. पण कुलपाकडे बघायची नजर तिला कुठून मिळाली हे शोधायला गेलं, तर धडा, गोष्ट आणि आजी या तिन्हींचा त्यात हात आहे. एकटा धडा पाठ झाला असता आणि विसरला असता. एकटी गोष्ट वाचून डोळे भरले असते, तेवढंच. आणि आजी एकट्या असत्या, तर गटातल्या बाकीच्या पोरांसारखी तीही ‘हो आजी’ म्हणून पुढच्या घरी गेली असती.

आमच्याच फील्डमधलं एक उदाहरण सांगते. १९९१ मध्ये उत्तरकाशीला भूकंप झाला, तेव्हा दिल्लीत पत्रकारितेचं शिक्षण घेणारा एक विद्यार्थी मदतीला तिकडे गेला. नाव अंशू गुप्ता. थंडीच्या दिवसांत अंगावर पुरेसं कापड नसणं ही स्वतःच एक आपत्ती आहे आणि ती दर वर्षी येते, हे त्याच्या मनात बसलं. पुढे नोकरी सोडून त्यानं ‘गूंज’ सुरू केली. २०१५ मध्ये त्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्यातलं एक तत्त्व सगळ्यात आवडतं. तिथे कपडे दान म्हणून वाटले जात नाहीत. गावानं स्वतः ठरवायचं की आपल्याला काय हवंय, विहीर, रस्ता, बांध. ते काम गावानं करायचं आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे. काम कुठलं, हे शहरातला माणूस ठरवत नाही.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? याच जिल्ह्यानं हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांपासून पाहिलंय. आदल्या रात्रीच गणपती विसर्जन झालेलं. किल्लारी, सास्तूर आणि लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची गावं. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली. माझी मावशी तेव्हा कॉलेजात होती. ती सांगते, सगळ्या महाराष्ट्रातून ट्रक भरभरून आले, पोरं आली, डॉक्टर आले. आणि जुन्या कपड्यांचे ढीगही आले, जे कुणालाच नको होते. पण त्याच भूकंपानंतर दुसरीही एक गोष्ट घडली. घरांच्या दुरुस्तीचं आणि मजबुतीकरणाचं काम सुरू झालं, तेव्हा ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं गावातल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार केलं. सरकारचं म्हणणं गावाला समजावायचं आणि गावाचं म्हणणं सरकारपर्यंत न्यायचं, हे त्यांचं काम. ज्ञान प्रबोधिनीचे कार्यकर्ते मदतीला आले ते हराळीला राहिलेच. तिथलं त्यांचं काम आजही सुरू आहे. ढीग टाकून गेलेल्यांची नावं मावशीला आठवत नाहीत. राहिलेल्यांची आठवतात.

आता शिबिराच्या सातव्या दिवसाकडे. समारोप झाला, सर्टिफिकेटं मिळाली, टेम्पोत सतरंज्या चढल्या. वाडीवर मागे राहिलेली लेकरं टेम्पोच्या मागे धावत आली. एकानं विचारलं, “परत कव्हा येणार?”

सगळ्यांनी हात हलवत सांगितलं, “लवकरच!”

बहीण पुढच्या रविवारी खरंच गेली. का, हे तिला अजूनही नीट सांगता येत नाही. आजींनी कुणाकुणाची मुलं मागे राहिलीत ते तोंडी सांगितलं, हिनं लिहून घेतलं. चौदा नावं झाली. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहांची योजना आहे. आई-बाप बाहेर असताना मुलांनी गावातच राहावं, शाळा सुटू नये, जेवणाची सोय व्हावी, हा तिचा उद्देश. हिनं स्वतःकडे फक्त एक काम घेतलं. रविवारी दुपारी दोन तास मुलांना सोबत घेऊन मोठ्यानं वाचायचं. बस्स. ना रॅली, ना पथनाट्य, ना घोषवाक्य.

हे तास एनएसएसच्या रजिस्टरला लागले नाहीत. १२० कधीच भरले होते. उलट तिचं नुकसानच झालं. रविवारी भूमला एमपीएससीची टेस्ट सिरीज असायची, पैसे भरलेली. ती बुडायला लागली. मावशी चिडली. “दुसऱ्याची लेकरं शिकवून तुझी पोस्ट निघणार हाय का?” या प्रश्नाला चटकदार उत्तर नाही, हो! मावशीनं दूध घालून घालून ते पैसे जमवलेले. मला फोन आला, “तू तरी सांग तिला.” मी मध्यममार्ग सुचवला, एक रविवार हे आणि एक रविवार ते. बहिणीनं ऐकून घेतलं आणि शनिवारी रात्री जागून पेपर सोडवायला लागली. मावशीचा राग पूर्ण गेलाय असं मी म्हणणार नाही.

बरं, या सगळ्याचा निकाल काय? सिनेमासारखा नाही. चौदापैकी सहा मुलं नियमित आली. बाकीची कधी आली, कधी नाही. जानेवारीत एका घरातल्या आजी आजारी पडल्या. त्यांची दोन्ही नातवंडं बापानं येऊन कारखान्यावर नेली. दुसरं करणार काय? हिनं दर रविवारी त्यांची नावं यादीत तशीच ठेवली. एप्रिलमध्ये टोळी परतली, तेव्हा त्यातला धाकटा, तिसरीतला, येऊन सगळ्यात मागे बसला. वाढ्याच्या मोळ्या तो भराभर मोजून दाखवायचा, शंभरापर्यंत. पण पाटीवर लिहिलेला ४६ त्याला ओळखता येईना.

हे सांगताना बहिणीचा आवाज जरा बदलला. “ताई, त्याला गणित येतंय गं. आकडा येत नाही.”

तिच्या वहीच्या उजव्या पानावर त्या दिवशी एवढं एकच वाक्य आहे.

आता नवीन शैक्षणिक धोरणानं (२०२०) समाजात जाऊन केलेल्या कामाला पदवीच्या अभ्यासक्रमातच जागा दिलीय. हिशेब असा, की ३० तास म्हणजे एक क्रेडिट. मला हे चांगलं वाटतं. निदान आता ‘हे सोशल वर्क सोड आणि अभ्यास कर’ म्हणणाऱ्या घरात सांगता येईल, की हाच अभ्यास आहे. धोका एवढाच, की तास मोजणं सोपं असतं. रजिस्टर, सही, फोटो, अपलोड. आमच्याकडे भूम भागात चार-पाच लिटर दूध आटवलं की किलोभर खवा मिळतो. भट्टीवर किती वेळ बसलात हे गिऱ्हाईक विचारत नाही. १२० तास आटवून खाली काय उरलं, हा प्रश्न ज्याचा त्यानं स्वतःला विचारायचा.

तेव्हा दोस्तांनो, ती ऑफिसची मेल आली तर नक्की जा. पण जाण्याआधी ऑर्गनायझरला एक साधा प्रश्न विचारा : हे काम मागितलं कुणी? उत्तर ‘शाळेनं’ किंवा ‘गावानं’ असेल तर बिनधास्त ब्रश उचला. उत्तर ‘आम्हीच ठरवलं’ असेल, तर बस निघायच्या आधी तिथल्या बाईंना किंवा गुरुजींना एक फोन करायला सांगा. कदाचित त्यांना भिंतीपेक्षा दर महिन्याला येणारा एक माणूस हवा असेल. आणि त्या भागाबद्दल काहीतरी वाचून जा. गुगल मॅप सोडून! एखादी कथा, एखादा रिपोर्ट, काहीही. तीन तासांच्या प्रवासात पन्नास पानं आरामात होतात.

बहिणीनं काय केलं ते सांगून थांबते. सरांकडे तिनं एकच मागणी केली. शिबिर डिसेंबरातच होऊ दे, पण सर्व्हे दसऱ्याच्या आधी घेऊया, म्हणजे कुलपं लागायच्या आत. सरांनी ऐकलं. २०२५ च्या सप्टेंबरात ज्युनिअर मुलं वाडीवर याद्या करायला जायला लागली आणि त्याच महिन्यात भूम-परंडा पट्ट्यात तुफान पाऊस झाला. नद्यांना पूर आला, शेतातली माती खरडून गेली, जनावरं वाहून गेली. माझ्या फोनवर पुण्यातल्या मित्रांचे मेसेज सुरू झाले : काय पाठवू? कपडे जमवतोय, चालतील?

मी तिला विचारलं. तिच्याकडे यादी होती. कुठल्या घरात म्हातारी माणसं एकटी आहेत, कुठल्या घरात किती मुलं, कितवीत. दोन दिवसांत तिनं आणि ज्युनिअर मुलांनी घरोघर विचारून त्याच यादीपुढे नवा रकाना काढला आणि मला फोटो पाठवला. त्यात कपडे कुठेच नव्हते. जनावरांसाठी चारा होता. वह्या होत्या, इयत्तेप्रमाणे. एका घरापुढे ‘चष्मा’ असं लिहिलं होतं. आणि या वेळी फॉर्मवर कुलपासाठीही एक रकाना होता. तो तिनं स्वतः आखून घेतला होता : कुठे गेलेत, कधी येणार, मागे कोण आहे.